समाज आटला, शाळा भरल्या : ब्रिटनमधल्या ज्यू शाळांची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ब्रिटनमधले ज्यू चार लाखांच्या घरात होते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्माच्या रकान्यात ‘ज्यू’ लिहिणारे उरले सुमारे २ लाख ७१ हजार. समाज असा आटत असताना त्याच्या शाळांचा पट मात्र चढत गेला. युद्धानंतर ज्यू शाळांत जाणारी मुले जेमतेम काही हजार होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ती सोळा हजारांच्या पुढे गेली, आणि २०१४-१५ साली १३९ शाळांत मिळून ३० हजार ९०० ज्यू मुले शिकत होती. तिथल्या शाळकरी ज्यू मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले आज आपल्याच समाजाच्या शाळेत जातात.

पट वाढला की मुख्याध्यापकांची छाती फुगते आणि समाजाचीही. निकाल लागला, नवी तुकडी सुरू झाली, प्रवेशासाठी रांग लागली, की समाजाच्या साप्ताहिकांत त्याचे कौतुक छापून येते. हा अभिमान खरा आहे, पण तो अलीकडचा आहे. या शाळा निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे गरिबी होती, मिशनऱ्यांची धास्ती होती आणि, सांगायला अवघड असली तरी, आपल्याच गरीब भाईबंदांची थोडी लाजही होती.

इंग्लंडच्या राजाने १२९० मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले होते. क्रॉमवेलच्या काळात, १६५६ पासून, ते पुन्हा उघडपणे राहू लागले. आधी आले स्पेन-पोर्तुगालकडचे सेफार्डी. बरेचसे व्यापारी, हातात पैसा असलेले. त्यांनी लगेचच आपल्या मुलांसाठी शाळा काढली. मागून जर्मनी-पोलंडकडचे अश्केनाझी आले. त्यांच्यात फेरीवाले, जुने कपडे विकणारे, हातावर पोट असणारे पुष्कळ. या दुसऱ्या गटाच्या ग्रेट सिनेगॉग या प्रार्थनामंदिराने १७३२ मध्ये गरीब, पोरक्या मुलांसाठी एक धर्मपाठशाळा सुरू केली. आज लंडनमध्ये जेएफएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी शाळा आपला जन्म तिथपासून मोजते.

खरी शाळा उभी राहिली १८१७ मध्ये, आणि तिला निमित्त झाले मिशनरी. ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी १८०९ मध्ये लंडनमध्ये एक सोसायटी स्थापन झाली होती. गरीब ज्यू मुलांना फुकट शिक्षणाची सोय करून देणे हा या मंडळींच्या कामाचा भाग होता. फी नाही आणि वर खायला-ल्यायला मिळते म्हटल्यावर ईस्ट एंड या पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतला एखादा बाप मुलाला तिकडे धाडणार, हे समाजातल्या शहाण्यांना कळत होते. जोशुआ व्हॅन ओव्हन हे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी पुढे आले आणि ‘ज्यूज फ्री स्कूल’, म्हणजेच जेएफएस, सुरू झाली. १८२२ मध्ये ती स्पिटलफील्ड्समधल्या बेल लेन या गल्लीत गेली आणि पुढची जवळजवळ एकशे वीस वर्षे तिथेच राहिली.

बेल लेनच्या शाळेचे नाव झाले ते मुख्याध्यापक मोझेस एंजल यांच्या कारकिर्दीत. १८४२ पासून १८९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ, ही शाळा त्यांच्या शब्दावर चालली. शाळेला रॉथशील्ड घराण्याचा आश्रय होता. मुलांना वर्षाकाठी कपड्यांचा जोड आणि बूट त्यांच्या पैशातून मिळत. ज्या वस्तीत एका खोलीत दोन कुटुंबे राहत आणि त्याच खोलीत रात्री शिवणकाम चाले, तिथे नवे बूट ही केवढी मोठी गोष्ट असेल! थंडीत अनवाणी मुलाला घरीच ठेवायची पाळी येई. बूट दिले की हजेरी आपोआप वाढे. आपल्याकडे शाळेतल्या खिचडीने जे केले, ते तिकडे बुटांनी केले म्हणायला हरकत नाही.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या तीसेक वर्षांत लाखाहून अधिक माणसे ब्रिटनमध्ये आली. बोटीतून उतरून ती थेट व्हाइटचॅपल आणि स्पिटलफील्ड्सच्या गल्ल्यांत शिरत. बेल लेनचा पट १९००च्या सुमारास सव्वाचार हजारांवर पोहोचला. जगातली सर्वांत मोठी शाळा असे तिचे वर्णन होऊ लागले. लंडनमधल्या ज्यू मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले त्या काळात तिच्या दारातून गेली, असा अंदाज दिला जातो. कादंबरीकार इझरेल झँगविल इथेच शिकले आणि काही काळ इथेच शिकवत होते.

एवढ्या मुलांना शाळेने शिकवले काय? हिब्रू आणि धर्म होताच. पण शाळेचा सगळा रोख इंग्रजीवर होता, आणि तोही नुसत्या भाषेवर नाही. चालण्या-बोलण्यावर, खेळांवर, राष्ट्रगीतावर. घरी यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली बोलणारे मूल शाळेत आले की शक्य तितक्या लवकर ती बोली त्याच्या जिभेवरून उतरवायची, हे धोरणच होते. एंजल यांच्यामागून आलेल्या मुख्याध्यापकांनी १९०५ मध्ये पालकांना सांगितले की यिडिश ही भाषाच नव्हे, ती टाकून द्या आणि मुलांना विचाराने-आचाराने इंग्रज होऊ द्या. एंजल तर त्याच्या कितीतरी आधी पालकांविषयी बोलताना युरोपातला गाळसाळ अशा अर्थाचे शब्द वापरून गेले होते. हे बोलणारे दोघेही ज्यू होते, शाळेसाठी हाडाची काडे करणारे होते. वेस्ट एंडमध्ये स्थिरावलेल्या, बँका आणि पार्लमेंटपर्यंत पोहोचलेल्या ज्यूंना भीती होती ती अशी की, या लांब कोटवाल्या, मोडके बोलणाऱ्या नवागतांमुळे आपल्याकडेही लोक बोट दाखवतील. भीती अगदीच खोटी नव्हती. परक्यांचा लोंढा थोपवण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला तोही १९०५ मध्येच.

म्हणजे त्या काळातला अभिमान होता तो मुलगा किती लवकर इंग्रज दिसू लागला याचा. या फुटपट्टीने मोजले तर बेल लेनची शाळा कमालीची यशस्वी ठरली. इतकी, की पुढच्या पिढीला तिची गरजच उरली नाही.

या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईला येतो. जगभरच्या ज्यूंच्या शिक्षणासाठी आणि हक्कांसाठी १८७१ मध्ये लंडनमध्ये अँग्लो-ज्यूइश असोसिएशन स्थापन झाली. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने बेने इस्रायल समाजाची शाळा निघाली आणि पुढे तिला लंडनच्या या संस्थेकडून अनुदान मिळत राहिले. अलिबाग-रेवदंड्याच्या गावांतून आलेले, तेलाच्या घाण्यावर शनिवारी सुट्टी पाळतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांची मुले त्याआधी मिशनच्या शाळांत शिकत होती. गंमत अशी की या समाजात हिब्रूचे पद्धतशीर शिक्षण सुरू करण्याचे बरेचसे श्रेय मिशनऱ्यांकडेच जाते. धर्म बदलावा म्हणून त्यांनी बायबल मुळातून शिकवले. समाजाने हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. लंडनमध्ये १८१७ साली जी धास्ती होती, तिचीच कोकणी आवृत्ती मुंबईत होती, आणि उत्तरही तेच निघाले : आपली शाळा आपण काढायची. केहिमकरांची शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. माझगावात ती अजूनही आहे. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि शाळेत ज्यू मुले जवळपास उरली नाहीत. वर्ग मात्र भरलेले राहिले, मुख्यतः आसपासच्या मुस्लिम आणि हिंदू घरांतल्या मुलांनी.

लंडनमध्ये घसरण वेगळ्या वाटेने झाली. १८७० च्या शिक्षण कायद्याने सरकारी बोर्डाच्या शाळा आल्या. ईस्ट एंडमधल्या काही बोर्ड शाळांत ज्यू मुलांचाच भरणा होता. तिथे हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी लवकर सुट्टी देत, कारण सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि डिसेंबरमध्ये तो चारच्या आधी मावळतो. सरकारी शाळा एवढी सोय करते म्हटल्यावर वेगळी ज्यू शाळा कशाला हवी, असे आईबापांना वाटले तर नवल नाही. धर्मशिक्षण संध्याकाळी ‘हेडर’ या धर्मवर्गात किंवा रविवारी सिनेगॉगच्या वर्गात उरकायचे. हुशार पोराने शिष्यवृत्ती मिळवून, परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या ग्रामर स्कूलला जायचे, तिथून डॉक्टर किंवा वकील व्हायचे. ईस्ट एंडमधल्या दोन पिढ्यांनी हाच जिना चढला. दरम्यान कुटुंबेही स्पिटलफील्ड्समधून उत्तरेला, मोकळ्या उपनगरांकडे सरकत होती.

मग युद्ध आले. सप्टेंबर १९३९ मध्ये बेल लेनच्या मुलांना केंब्रिजजवळच्या ईली भागातल्या खेड्यांत हलवले. ज्या गावांनी उभ्या जन्मात ज्यू पाहिला नव्हता, तिथल्या घरांत ही मुले राहिली. इकडे लंडनवर बॉम्ब पडले आणि शाळेच्या इमारतीची वाट लागली. युद्ध संपले तेव्हा बेल लेनला परत जाण्यासारखे काही नव्हते, आणि बऱ्याचशा मुलांचे आईबापही आता त्या भागात राहत नव्हते.

त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाने एक वेगळाच प्रवाह वाहत होता. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हिक्टर शॉनफेल्ड यांनी १९२९ मध्ये पूर्ण वेळाच्या ज्यू माध्यमिक शाळेची चळवळ सुरू केली. त्यांच्यानंतर मुलगा सॉलोमन शॉनफेल्ड यांनी ती ऐन तरुणपणी अंगावर घेतली. १९३८-३९ मध्ये नाझींच्या तावडीतून शेकडो मुले त्यांनी इंग्लंडला आणली आणि ठेवायला जागा नाही म्हणून शाळेच्या वर्गांत खाटा टाकल्या, स्वतःचे घरही मोकळे करून दिले. या मंडळींना इंग्रज बनण्यात काडीचा रस नव्हता. मूल आधी ज्यू, मग बाकीचे सगळे, असा त्यांचा हिशेब. तेव्हा मुख्य समाजाने त्यांच्याकडे थोडे नाक मुरडूनच पाहिले. पण १९४५ नंतर, युरोपातले साठ लाख ज्यू मारले गेल्याचे उघड झाल्यावर, मुलाचे ज्यूपण विरघळू देणे ही गोष्ट पूर्वीसारखी हलकी राहिली नाही.

तरीही नुसत्या भावनेवर शाळा चालत नाहीत. पैसा लागतो. तो आला १९४४ च्या शिक्षण कायद्यातून. या कायद्याने धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी छत्राखाली येण्याचा रस्ता आखून दिला. आपल्याकडच्या खासगी अनुदानित शाळेसारखा हा प्रकार आहे : शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकारचा, इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचे, आणि प्रवेशात आपल्या धर्माच्या मुलांना प्राधान्य देण्याची मुभा. बांधकामाच्या खर्चात संस्थेला सुरुवातीला अर्धा वाटा उचलावा लागे. तो कमी होत होत आता दहा टक्क्यांवर आला आहे. सरकार फक्त धर्मशिक्षणाचे पैसे देत नाही. ते पालकांच्या ‘ऐच्छिक’ वर्गणीतून येतात. ऐच्छिक वर्गणी कशी असते हे मराठी पालकांना नव्याने सांगायला नको.

पुढच्या पन्नास वर्षांत पट का वाढला याची कारणमीमांसा करताना समाजाचे पुढारी सहसा श्रद्धेचे आणि अस्मितेचे नाव घेतात. माझ्या मते या अनुदानाला त्याहून जास्त श्रेय आहे. अमेरिकेत ज्यू शाळा खासगी आहे, फी वर्षाला हजारो डॉलरांत जाते आणि मध्यमवर्गीय घराची त्यात दमछाक होते. ब्रिटनमध्ये तेच शिक्षण जवळजवळ फुकट मिळते.

जेएफएस १९५८ मध्ये कॅम्डेन टाउनला पुन्हा उघडली. लिव्हरपूल, मँचेस्टर इथल्या जुन्या ज्यू शाळांनी ‘किंग डेव्हिड’ या नावाने नवा जन्म घेतला. पण १९६०च्या दशकातही बहुतेक ज्यू पालकांचा ओढा ग्रामर स्कूलकडेच होता. ज्यू शाळा म्हणजे ज्याला कुठे मिळाले नाही त्याची सोय, अशी काहीशी समजूत होती.

ती बदलायला दोन-तीन गोष्टी एकदम घडाव्या लागल्या. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाने जगभरच्या ज्यूंमध्ये आधी धास्ती आणि मग ताठपणा आणला. त्याच वर्षी इमॅन्युएल जेकोबोविट्स चीफ रब्बी झाले आणि १९७१ मध्ये त्यांनी शाळा उभारणीसाठी निधी उभा करण्याची मोठी मोहीम काढली. सिनेगॉगच्या इमारतींपेक्षा शाळांवर खर्च करा, हे त्यांचे पालुपद होते. तिसरी गोष्ट फारशी गौरवाची नाही. १९६५ पासून सरकारने ग्रामर स्कूल मोडून सर्वांसाठी एकच, कॉम्प्रिहेन्सिव्ह, शाळा आणायला सुरुवात केली. परीक्षा देऊन निवडक मुलांत जाऊन बसण्याचा रस्ता लंडनमध्ये बंद होत गेला. शेजारच्या सरसकट शाळेत, निरनिराळ्या देशांतून नव्याने आलेल्यांच्या मुलांबरोबर, आपले मूल घालायचे की ओळखीच्या घरांतली मुले असलेल्या ज्यू शाळेत, असा प्रश्न पडल्यावर पुष्कळ पालकांना अचानक धर्मशिक्षणाचे महत्त्व पटले. दोन पिढ्यांपूर्वी आपणच ती नव्याने आलेल्यांची मुले होतो, हे त्या वेळी किती जणांना आठवले कोण जाणे.

१९९१ मध्ये चीफ रब्बी झालेल्या जोनाथन सॅक्स यांनी या ओढीला शब्द दिले. आपली नातवंडे ज्यू असतील का, असा प्रश्न त्यांनी १९९४ मध्ये जाहीरपणे विचारला. मिश्र विवाह वाढत होते, तरुण सिनेगॉगपासून दुरावत होते, आणि आठवड्यातून दोन तासांच्या रविवारच्या वर्गातून हाती काही लागत नव्हते. त्याच दशकात आणखी एक साधी गोष्ट झाली : १९९२ पासून शाळांचे परीक्षेचे निकाल क्रमवारीने जाहीर होऊ लागले. ज्यू शाळा त्या याद्यांत वरच्या बाजूला दिसू लागल्या. आता धर्मभोळ्या आजीला आणि मार्कांवर डोळा असलेल्या बापाला एकच शाळा पसंत पडू लागली. रेडब्रिजमध्ये १९९३ साली किंग सॉलोमन, बोरहॅमवुडमध्ये २००६ साली यावने कॉलेज, न्यू बार्नेटमध्ये २०१० साली जेकॉस अशा माध्यमिक शाळा निघत गेल्या. जेएफएस २००२ मध्ये कॅम्डेनहून वायव्येला केंटनला गेली. समाज जिथे राहायला गेला, तिथे शाळा गेली. केंटनच्या आसपास गुजराती वस्ती दाट आहे. ब्रिटनमधली सरकारी अनुदानावरची पहिली हिंदू शाळा, कृष्ण-अवंती, २००८ मध्ये जवळच एजवेअरला सुरू झाली ती याच मळलेल्या वाटेने.

इथवरच्या आकड्यांत एक गफलत होण्यासारखी जागा आहे. २०१४-१५ च्या १३९ शाळांपैकी ९७ शाळा हरेदी, म्हणजे कडव्या सनातनी, समाजाच्या होत्या आणि एकूण पटातली निम्म्याहून अधिक मुले त्यांच्याकडे होती. लंडनमधले स्टॅमफर्ड हिल, मँचेस्टरच्या उत्तरेकडच्या वस्त्या, ईशान्येला गेट्सहेड ही त्यांची ठाणी. घरात सहा-सात मुले सहज. इथे मूल ज्यू शाळेतच जाते. दुसरा विचार कोणी करत नाही. त्यामुळे पटवाढीचा मोठा हिस्सा पाळण्यातून आलेला आहे, पालकांच्या मतपरिवर्तनातून आलेला नाही. यातल्या बऱ्याच शाळा सरकारी अनुदान न घेता वर्गणीवर चालतात आणि अभ्यासक्रमात काय शिकवायचे यावरून सरकारी तपासनिसांशी त्यांचे खटके उडतात. जेएफएसमधली जीन्स घालून क्रिकेट बघणारी मुलगी आणि स्टॅमफर्ड हिलचा कल्लेवाला मुलगा एका आकड्यात मोजले जातात, पण त्यांचे रस्ते एकमेकांना छेदतही नाहीत.

मुख्य प्रवाहातल्या शाळांची मागणी मात्र खरोखरच वाढली होती, आणि ती किती वाढली याचा पुरावा थेट सर्वोच्च न्यायालयात सादर झाला. कायद्याने शाळेत जागा शिल्लक असेल तर धर्माचे कारण सांगून मुलाला परत पाठवता येत नाही. चाळणी लावता येते ती जागांपेक्षा अर्ज जास्त आले की. जेएफएसकडे ते दर वर्षी येत. शाळेची चाळणी अशी होती : चीफ रब्बींच्या कार्यालयाच्या मते जे मूल ज्यू, त्याला प्राधान्य. परंपरेने आई ज्यू असेल तर मूल ज्यू, किंवा मग ऑर्थडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, पद्धतीने रीतसर धर्मांतर झालेले हवे. एका मुलाचे वडील ज्यू होते, आईने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण तो ऑर्थडॉक्स नसलेल्या पंथाकडून. घरात धर्म पाळला जात होता. शाळेने प्रवेश नाकारला. वडील कोर्टात गेले.

१६ डिसेंबर २००९ रोजी निकाल लागला. ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय तेव्हा अडीच महिन्यांचे होते. नऊ न्यायाधीशांचे पीठ पाच विरुद्ध चार असे दुभंगले. बहुमताचे म्हणणे असे की, आई कोण यावरून मुलाचा प्रवेश ठरवणे म्हणजे वंशाच्या आधारे भेद करणे, आणि १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यात ते बसत नाही. शाळा रूढ अर्थाने वंशद्वेषी आहे असे आम्ही म्हणत नाही, हेही न्यायालयाने आवर्जून सांगितले. पण नाझींच्या नंतर साठ-पासष्ट वर्षांनी एका ज्यू शाळेवर वंशभेदाचा शिक्का बसला, ही गोष्ट समाजाच्या जिव्हारी लागली. ज्यू कोण हे हजारो वर्षे आम्ही ठरवत आलो, ते आता इंग्रज न्यायाधीश ठरवणार का, असा सूर उमटला. दुसरीकडे उदारमतवादी पंथांच्या घरांत सुटकेचा निःश्वास पडला.

निकालानंतर शाळांना जन्माऐवजी आचरण मोजावे लागले. सिनेगॉगला किती वेळा आलात, मूल धर्मवर्गाला जाते का, समाजकार्य करता का, याचे फॉर्म निघाले. आता शब्बाथला लिहायचे नसते. सहीही नाही. मग हजेरी घ्यायची कशी? सिनेगॉगांना लिहिण्याशिवाय नोंद ठेवण्याच्या युक्त्या काढाव्या लागल्या. वर्षानुवर्षे तोंड न दाखवणारी जोडपी प्रवेशाच्या आधीच्या वर्षी मुलाचे बोट धरून नेमाने येऊ लागली. रब्बींना हसावे की रडावे कळेना, पण बाक भरले.

लंडनबाहेर चित्र निराळे आहे. बर्मिंगहॅममधली किंग डेव्हिड ही प्राथमिक शाळा शहरातला ज्यू समाज आटल्यावरही चालू राहिली आणि आज तिथली बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. ती हिब्रू शिकतात, ज्यू सण साजरे करतात, कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारे, जेवण जेवतात. पालक म्हणतात की शिस्त आहे, देवाचे नाव घेतले जाते, डुकराचे मांस ताटात येण्याची भीती नाही. लिव्हरपूलच्या किंग डेव्हिडमध्येही ज्यू मुले अल्पसंख्य आहेत. स्कॉटलंडमधली एकमेव ज्यू प्राथमिक शाळा, काल्डरवुड लॉज, २०१७ पासून ग्लासगोजवळ एका कॅथलिक शाळेच्या मांडीला मांडी लावून एकाच आवारात भरते. माझगावच्या शाळेला हे सगळे ओळखीचे वाटेल.

गेल्या काही वर्षांत पटावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत भीतीची भर पडली आहे. ज्यू शाळेच्या फाटकाशी पहारेकरी असणे तिथे नवे नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेली कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट ही समाजाची संस्था ज्यूविरोधी घटनांची नोंद ठेवते आणि शाळांच्या बंदोबस्तात हात घालते. २०१० पासून अनुदानित ज्यू शाळांच्या पहाऱ्यासाठी सरकारही पैसे देते. उंच कुंपण, कॅमेरे, ओळख पटल्याशिवाय न उघडणारा दरवाजा, मुले सोडल्यावर घोळका करून उभे राहू नका अशी पालकांना सूचना, हे रोजचेच. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आणि गाझातल्या युद्धाच्या काळात या ट्रस्टने २०२३ या एका वर्षात चार हजारांहून जास्त घटना नोंदवल्या. आदल्या वर्षी त्या १,६६२ होत्या. त्या ऑक्टोबरात लंडनमधल्या काही ज्यू शाळा एक दिवस बंद राहिल्या, आणि येता-जाता शाळेचा कोट घातला नाही तरी चालेल असे मुलांना सांगण्यात आले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला आणि दोन ज्यू पुरुष मृत्युमुखी पडले.

अशा वातावरणात पालक दोन्ही बाजूंनी विचार करतात. ज्यू शाळेत मूल घालणे म्हणजे त्याला निशाण्यावर बसवणे, असे काहींना वाटते. बाकीच्यांचा हिशेब वेगळा : साध्या शाळेच्या पटांगणात एकट्या ज्यू मुलाला गाझाचा जाब विचारला जाणार असेल, तर ते आपल्यांत असलेले बरे. बेल लेनच्या काळात शाळेचा कोट मुलाला इंग्रजांत मिसळून जाण्यासाठी दिला जाई. आता तोच कोट बसमध्ये बॅगेत कोंबावा लागतो आणि तरीही त्या शाळेसाठी रांग आहे.

पैशाचे कारणही पुन्हा वर आले आहे. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट लागू झाला. महागड्या खासगी शाळांत मुले घातलेल्या मध्यमवर्गीय ज्यू घरांना अनुदानित ज्यू शाळा अचानक जास्तच आपली वाटू लागली. हरेदींच्या वर्गणीवर चालणाऱ्या शाळाही तांत्रिकदृष्ट्या खासगीच, म्हणून त्यांनाही हा कर लागला, आणि तिथली मुले हार्वर्डची स्वप्ने पाहणाऱ्यांची नसून सहा भावंडांतली असतात, ही तक्रार समाजाने कोर्टापर्यंत नेली.

जागा कुठे कमी पडतील आणि कुठे रिकाम्या राहतील हे मात्र नकाशावर अवलंबून आहे. पूर्व लंडनच्या रेडब्रिजमधून ज्यू कुटुंबे निघून गेली आणि १९९३ मध्ये मोठ्या उत्साहाने काढलेल्या तिथल्या शाळेत इतर धर्मांची मुले वाढली. लंडनमध्ये एकूणच जन्म घटल्यामुळे प्राथमिक शाळांचे वर्ग पूर्वीसारखे भरत नाहीत, त्याची झळ ज्यू शाळांनाही लागते. माध्यमिकचा ताण आहे वायव्य लंडन आणि त्याला लागून असलेल्या हर्टफर्डशरमध्ये, विशेषतः बोरहॅमवुडच्या बाजूला, जिथे तरुण जोडपी घरे घेत आहेत. माध्यमिक प्रवेशाचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो आणि कोणती शाळा मिळाली ते १ मार्चला कळते. रोश हशाना हे ज्यू नववर्ष आणि योम किप्पूर येतात ते नेमके अर्जाच्या मुदतीआधीच्या आठवड्यांत, त्यामुळे सिनेगॉगच्या कचेरीत सणांच्या गर्दीबरोबरच आचरणाच्या दाखल्यांचीही गर्दी असते.